दारावरची काटी

“आधी वाक्यं पाठ कर, तेजल. कायदा मागून आला तरी चालतो,” सानप म्हणाले, आणि त्यांनी एका जुन्या बोर्डाच्या कोऱ्या पाठीवर एकाखाली एक चार ओळी लिहिल्या. पहिली, ‘समक्ष भेटून बजावले, सही घेतली.’ दुसरी, ‘घेण्यास नकार दिला.’ तिसरी, ‘दिलेल्या पत्त्यावर राहत नाहीत.’ चौथी जरा लांबलचक होती. ‘घर बंद, प्रतिवादी समन्स चुकवीत असल्याचे शेजाऱ्यांकडून समजले, सबब दोन पंचांसमक्ष घरावर चिकटवून बजावले.’

“बस, एवढंच?” तेजलने विचारलं. कोर्टात बेलिफ म्हणून लागून तिला जेमतेम तीन आठवडे झाले होते.

“एवढ्यावर माझी एकतीस वर्षं निघाली. चौथी ओळ घोटून घे. ती लिहिली की वर कुणी काही विचारत नाही.”

बेलिफ म्हणजे काय, हे ज्याच्या दारात तो कधी गेला नाही त्याला सांगून कळायचं नाही. न्यायाधीश खुर्चीवर बसतो, वकील काळा कोट घालून बोलतो, त्यांना लोक नमस्कार करतात. पण कोर्टाचा कागद खांद्याच्या पिशवीत घालून चिखल तुडवत माणसाच्या उंबऱ्यापर्यंत नेतो तो बेलिफ. त्याला कुणी नमस्कार करत नाही. कुत्री भुंकतात, बायका आत पळतात, आणि परतताना त्याने कागदामागे ज्या दोन ओळी खरडलेल्या असतात त्यांवर पुढचा सगळा दावा उभा राहतो. झुंबर सानप हे काम इमानेइतबारे करत आले होते, निदान त्यांचं स्वतःचं तसं मत होतं. कुणाकडून कधी पैसा घेतला नाही. चहा घेतला, तोही बिनसाखरेचा, मधुमेह झाल्यापासून. सप्टेंबरअखेर ते निवृत्त व्हायचे होते आणि आता ऑगस्ट अर्धा सरला होता.

“सानप,” नाझर दीपा मॅडमनी आपल्या टेबलावरून हाक मारली. बेलिफांना कामं वाटून देणाऱ्या त्याच. “ताबा वॉरंट आहे, मनोरकडचं. तुम्ही जा. तेजलला पहिल्यांदाच ताब्याला नको पाठवायला.”

सानपांनी वॉरंट वाचलं. वादी प्रदीप दुमाडा, हल्ली राहणार बोईसर. प्रतिवादी सुका दुमाडा आणि त्याची बायको नवसी, राहणार करंजपाडा. घर आणि घराखालची जागा. एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे प्रतिवादी एकदाही कोर्टात आले नव्हते, म्हणून त्यांना न ऐकताच निकाल लागला होता. नाव काही ओळखीचं वाटलं नाही. एकतीस वर्षांत किती सुका, किती नवसी, कुणाकुणाला लक्षात ठेवणार?

दोन दिवसांनी मनोर नाक्यावर प्रदीप गाडी घेऊन उभा होता. पस्तिशीचा, तारापूरच्या एका कारखान्यात कामाला, पाळी बदलून आलेला, डोळे तांबारलेले. सुका त्याचा चुलतभाऊ. गाडीत दोन पंच होते आणि सीटवर पुठ्ठ्याच्या वेष्टनात एक नवंकोरं कुलूप.

“माझ्या बापाच्या नावावर हाय जागा,” वाटेत तो म्हणाला. “मी काय चोरी नाय करत, साहेब. कोर्टान दिला, मी घेतो.”

“मला काही सांगू नका. मी फक्त हुकूम नेतो,” सानप म्हणाले. हेही त्यांचं पाठ वाक्यच होतं.

करंजपाड्यात गाडी जात नाही. अर्धा मैल बांधावरून चालावं लागलं. लावणी उरकली होती, खाचरं हिरवी झाली होती. पाड्याच्या टोकाला कारवीच्या कुडाचं, शेणामातीने सारवलेलं घर. ओट्यावर एक म्हातारी करंजाच्या बिया फोडत बसली होती. ती सुकाची आई, बायडी. तिला नीट दिसत नव्हतं.

“कोन आला, नवसे?” तिने विचारलं.

नवसी मागच्या खाचरातून आली. पोटरीपर्यंत चिखल, हातात उपटलेलं गवत. प्रदीपला पाहून तिने पदर सारखा केला, “बस, भाऊ,” म्हणाली आणि पाण्याचा तांब्या आणायला वळली. तिला काही कल्पनाच नव्हती. सानपांनी तिला थांबवलं, प्रतिवादी सुका कुठे आहे म्हणून विचारलं.

“त्याला जाऊन दीड वरीस झाला. वीटभट्टीवरच ताप भरला.”

सानपांनी खाकरून वॉरंट वाचून दाखवलं. कोर्टाची भाषा तशीच वाचायची, पदरचं घालायचं नाही, ही त्यांची शिस्त होती. नवसी ऐकत राहिली. शेवटी तिने विचारलं, “निकाल लागला? कवा लागला? आमाला कोनी बोलावलाच नाय.”

“समन्स बजावलं होतं.”

“म्हंजे काय?”

“कागद. कोर्टाचा कागद येतो, तारीख असते त्यावर.”

“कागद होय,” नवसीचा चेहरा एकदम सैल झाला. “कागद हाय ना. आमी नाय काडला तो. या, दाखवते.”

ती त्यांना दाराच्या उजव्या बाजूला घेऊन गेली. कुडावर तो होता. शाई केव्हाच धुऊन गेली होती, खालची बाजू उंदरांनी की वाळवीने खाल्ली होती, पण वर कोपऱ्यात जांभळ्या गोल शिक्क्याचा डाग अजून ओळखू येत होता. आणि त्या कागदाभोवती बोटभर जागा सोडून भिंत सारवलेली होती. एकदा नाही, अनेकदा. सारवणाचे थर चढून चढून कागदाच्या चारी बाजूंना कड तयार झाली होती.

“शिक्का हाय म्हनून हात नाय लावला,” नवसी सांगत होती. “दर सनाला सारवते ती त्याला सोडून सारवते. सुकान पंचायतीच्या मानसाला विचारला व्हता. तो बोलला, मोजणीचा असंल, काडू नका, नायतर नाव जाईल.”

सानपांनी वाकून पाहिलं. कागदाची वरची कड बोटभर आत दुमडलेली होती. पावसाचं पाणी मागे शिरू नये म्हणून अशी कड दुमडायची सवय कोर्टातल्या एकाच माणसाला होती.

“तुमी आलात तवा आमी भट्टीवर व्हतो,” नवसी म्हणाली. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून. “दाराला काटी व्हती ना?”

“होती,” सानप म्हणाले.

आता सगळं आठवलं. साडेतीन वर्षांमागचा फेब्रुवारी. अख्खा पाडा सुनसान, एका दारात माणूस नाही, आणि प्रत्येक दाराला बोरीची काटेरी फांदी आडवी लावलेली. कुलूप लावावं असं आत काही नसतं. गुरंकुत्री शिरू नयेत म्हणून काटी. दिवाळी झाली की हे लोक पोराबाळांसकट वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर येतात, हे पंचक्रोशीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. सानपांना तर जास्तच ठाऊक, कारण ते आष्टीकडचे. त्यांचे आईबाप ऊसतोडीला जायचे आणि जाताना दाराला बाभळीची काटी लावायचे. ती काटी त्यांनी लहानपणी स्वतःच्या हाताने लावली होती. काटी म्हणजे ‘आम्ही पोटामागे गेलोय, परत येणार आहोत.’ एवढं स्वच्छ वाचता येत असून सानपांनी त्या दिवशी काटी बाजूला सारली, खळ लावून कागद चिकटवला, काटी पुन्हा होती तशी ठेवली आणि याच ओट्यावर बसून चौथी ओळ लिहिली. प्रतिवादी समन्स चुकवीत असल्याचे शेजाऱ्यांकडून समजले. शेजारी कुठले? अडीचची एसटी गाठायची होती. पंचांच्या सह्या मनोरच्या चहावाल्याकडे घेतल्या, नेहमीसारख्या.

आणखी एक आठवलं, जे आठवायला नको होतं. ते नऊ वर्षांचे असताना ऊसतोडीवरून परतल्यावर रेशनकार्डातून घराचं नाव उडालं होतं. बाप कचेरीत हात जोडून उभा होता, “साहेब, आम्ही हितलंच हाओत.” आणि कारकून वहीवर बोट ठेवून सांगत होता, “इथं लिहिलंय ना, राहत नाहीत.” बापाच्या बोलण्यापेक्षा ती ओळ मोठी ठरली. पोराने त्या दिवशी एक गोष्ट मनाशी बांधली, की आपण लिहिणाऱ्याच्या बाजूला जायचं. गेलाही. शिकला, परीक्षा दिली, चारशे किलोमीटर लांब नोकरी लागली तरी आला.

“साहेब, उशीर होतो,” प्रदीपने कुलूप वेष्टनातून काढलं. “सामान बाहेर काढू?”

सानपांनी पिशवीतून कागद आणि पेन काढलं. “नवसीबाई, हा हुकूम घर सोडण्याचा आहे. तुमचं काही म्हणणं असेल तर सांगा. मला लिहावं लागतं.”

नवसीने एकदा म्हातारीकडे पाहिलं, एकदा खाचराकडे. “कुटं जाऊ?” तिने विचारलं.

सानपांनी लिहिलं. ‘प्रतिवादी नवसी हिने, कुठे जाऊ, असे विचारले. तिची ताबा देण्यास हरकत आहे. तिला दाव्याची माहिती नव्हती असे ती सांगते. ताबा न घेता वॉरंट परत.’ एकतीस वर्षांत कुणाच्या तोंडचं वाक्य त्यांनी जसंच्या तसं रिपोर्टात घातलं नव्हतं.

“तुमी कोनाच्या बाजूचे, साहेब?” प्रदीपने विचारलं. तो संतापला नव्हता, गोंधळला होता. “माझा एक दिवसाचा पगार गेला. कोर्टान दिला ना मला?”

प्रदीपचंही काही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते वकिलांच्या खोलीत गेले. इंद्रजीत सावे वकील म्हणजे शिरगावचे, सत्तरी ओलांडलेले, प्रॅक्टिस कमी आणि पाल्हाळ जास्त. रद्दीवाल्याकडून मिळालेला लॅटिनचा एक जाडजूड कोश ते टेबलावर ठेवायचे आणि रोज दुपारी चहाबरोबर तरुण वकिलांना एक शब्द पाजायचे. पोरं मागे हसत, पण चहा सावेंचा असल्याने समोर बसत.

“आजचा शब्द ज्युडिशियम,” सावे सांगत होते. “आपण म्हणतो न्यायनिवाडा. पण रोमन माणूस तो केवढ्या ठिकाणी वापरायचा बघा. खटल्याला ज्युडिशियम. खटला चालतो त्या कोर्टालाही ज्युडिशियम. निकाल लागला, तोही ज्युडिशियम. एखाद्या गोष्टीविषयी माझं मत, तेही तेच. आणि सगळ्यात शेवटी कोश काय म्हणतो? माणसाच्या आतली पारख. बरंवाईट निवडायची अक्कल.”

“ती कोर्टात लागत नाही, काका,” एक तरुण वकील म्हणाला आणि बाकीचे हसले.

“हसा. अरे, त्यांच्याकडे नुसतं ज्युडिशिओ असं म्हटलं तर अर्थ व्हायचा, समजून उमजून. अमक्याने अमकं ज्युडिशिओ केलं, म्हणजे ओघात नाही केलं, कुणी सांगितलं म्हणून नाही केलं, स्वतः तोलून केलं. आता पहिले तीन अर्थ आपल्या इमारतीत आहेत. खटला आहे, कोर्ट आहे, निकाल रोज लागतो. शेवटचा मात्र ज्याचा त्याने घरून आणायचा असतो.” मग त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. “काय सानप? तुझं तोंड का उतरलंय?”

सानपांनी खोली रिकामी होईपर्यंत वाट पाहिली आणि मग काटीपासून कागदापर्यंत सगळं सांगितलं. ऐकता ऐकता सावेंनी कोश मिटून ठेवला. त्यांच्या बाबतीत हे नवल होतं.

“एकतर्फी निकाल रद्द करायचा अर्ज मी लावतो,” शेवटी ते म्हणाले. “बाईकडून फी घेणार नाही. पण बजावणी खोटी होती असं सांगणार कोण? नवसी सांगेल. समोर तुझा रिपोर्ट आहे, पंचांच्या सह्या आहेत. तिचं बोलणं त्याखाली चिरडून जाईल.”

“मी सांगितलं तर?”

“तर अर्ज मंजूर होईल. आणि तुझी चौकशी लागेल. दीड महिना राहिलाय तुझा. पेन्शन अडकेल, किती वर्षं ते देव जाणे.” सावेंनी चष्मा काढून पुसला. “मी तुला कर म्हणणार नाही आणि नको करू असंही म्हणणार नाही. घरी जा.”

बोईसरच्या दोन खोल्यांच्या घरात साखरबाई भाकऱ्या थापत होत्या. सानपांनी त्यांनाही सांगितलं. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली, ती फुगेपर्यंत थांबल्या आणि मग बोलल्या.

“कामून घोर लावून घेता? सगळेच तसं लिहितेत. तुम्ही काय जगायेगळं केलं?”

“सगळेच लिहितात म्हणून तर.”

“दीड महिना, आवो. जन्म काढला तुम्ही, आता दीड महिना गप बसवंना? पेन्शन बंद झाली तर पोराच्या दारात जायचं का आपण? आणि ती बाई कोण कुठली, ती येणार हाय का आपल्याला बघायला?”

सानप जेवले नाहीत. साखरबाईही जेवल्या नाहीत. बऱ्याच वेळाने चूल आवरता आवरता त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, “कागदाला सोडून सारवत होती म्हणता?”

“हो. चारी बाजूंनी.”

“मला इचारून करू नका काही,” त्या म्हणाल्या. आवाज भरून आला होता आणि त्यात रागही होता. “मी व्हय म्हणणार न्हाई. पण करायचंच तर मग लटपटत करू नका. लोकांपुढं धड उभं ऱ्हा.”

प्रतिज्ञापत्र सावेंनी लिहिलं. शेवटी नेहमीचं वाक्य होतं, ‘वरील मजकूर मी समजून उमजून लिहून देत आहे.’ असली प्रतिज्ञापत्रं सानपांनी हजारांनी इकडून तिकडे नेली होती. सही करण्यापूर्वी ती ओळ त्यांनी पुन्हा एकदा वाचली, आणि मग सही केली.

दीपा मॅडमनी त्यांना त्याच दिवशी फिरतीच्या कामातून काढून टेबलावर बसवलं. दुसरं काही त्यांच्या हातात नव्हतं. चार बेलिफांपैकी दोघे बोलायचे बंद झाले. त्यांचंही बरोबर होतं. एकाने तोंड उघडलं की बाकीच्यांच्या चौथ्या ओळी उघड्या पडतात. तेजल तेवढी डबा खायला समोर येऊन बसायची, पण विचारायची काही नाही.

पंधरा सप्टेंबरला साक्ष झाली. ज्या कठड्याच्या बाजूला एकतीस वर्षं पुकारा ऐकत उभे राहिले, त्याच्या आत सानप पहिल्यांदा गेले. नवसी मागच्या बाकावर बसली होती, बायडीला घेऊन. म्हातारीला घरी एकटं ठेवायची तिची तयारी नव्हती, न जाणो परत जाईपर्यंत घर राहतं की नाही. प्रदीप दुसऱ्या टोकाला होता.

प्रदीपच्या वकिलांनी जुना रिपोर्ट पुढे धरला. “हे अक्षर तुमचं?”

“माझंच.”

“शेजाऱ्यांकडून समजले, असं लिहिलंय. कोणते शेजारी?”

“कुणीच नव्हतं. पाडा पुरा वीटभट्टीवर गेला होता. प्रत्येक दाराला काटी होती.”

“काटी म्हणजे काय, हे तुम्हाला त्या वेळी कळलं होतं?”

“कळलं होतं. मी त्याच घरातला आहे. म्हणजे, तसल्याच.”

“म्हणजे तुम्ही त्या वेळी खोटं लिहिलंत, की आज खोटं बोलताय?”

“त्या वेळी खोटं लिहिलं.”

वकिलांनी रिपोर्ट खाली ठेवला. माणूस हुशार होता. बाण कुठे लागतो ते त्यांना दिसलं. “सानप, ही असली ओळ आपण आजवर किती कागदांवर लिहिली असेल?”

न्यायाधीश मॅडमनी मान वर केली. “ह्या प्रश्नाचा या अर्जाशी संबंध नाही. तुम्ही उत्तर दिलं नाही तरी चालेल.”

पंखा फिरत होता. सानपांनी कठडा धरला. त्यांना वाणगावकडचे पाडे दिसले, मनोरपलीकडचे दिसले. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. दारं, काट्या, खळीचा डबा. किती घरांवर त्यांनी नीट कड दुमडून कागद लावले होते, आणि त्यातल्या किती जणांनी त्याला सोडून सारवलं असेल?

“मोजले नाहीत, मॅडम,” ते म्हणाले. “पुष्कळ असतील. त्यातलं एकच माझ्यासमोर आलं.”

मॅडमनी ते तसंच टंकलेखिकेला सांगितलं. यंत्रावर बोटं चालली, आणि ते वाक्य सरकारी झालं.

निकाल आठ दिवसांनी आला. समन्सची बजावणी योग्य रीतीने झालेली नाही, एकतर्फी हुकूमनामा रद्द, दावा पुन्हा पहिल्यापासून चालेल, प्रतिवादीस नव्याने समन्स काढावे. आणि खाली दोन ओळी संबंधित बेलिफाविरुद्ध चौकशी करण्याविषयी. सावेंनी पायऱ्यांवर नवसीला समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण ते कायद्यात शिरले. ती सानपांकडे वळली.

“घर ऱ्हायला का, साहेब?”

खोटं सांगणं सोपं होतं. “राहिलं असं अजून नाही,” सानप म्हणाले. “जागा कुणाची ते पुढे ठरेल. प्रदीपचंही म्हणणं आहे. पण आता तुम्हाला ऐकल्याशिवाय ठरणार नाही.”

“आयकून घेतील ना?”

“घेतील.”

“मंग चालंल,” नवसी म्हणाली. तिने बायडीचा हात धरला आणि दोघी हळूहळू एसटी स्टँडच्या दिशेने गेल्या. सानपांना वाटलं होतं, ती रागावेल, निदान आता तरी. साडेतीन वर्षांमागे तुम्हीच ना ते, असं काही बोलेल. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

तीस सप्टेंबरला कोर्टात निरोप समारंभ झाला नाही. शाल आणलेली होती म्हणे, पण चौकशी लागलेल्या माणसाला ती कुणी घालायची, यावर एकमत झालं नाही. दीपा मॅडमनी पेढ्याचा बॉक्स पिशवीत घालून दिला आणि ‘वहिनींना द्या’ म्हणाल्या. सानपांनी टेबलाच्या खणातला खळीचा डबा काढला, धुतला आणि तिथेच ठेवला.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमारास, बोईसरच्या घरासमोर स्कूटी थांबली. सानप पुढच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. दार सताड उघडं होतं. तेजल उंबऱ्यापाशी आली आणि आत न येता उभी राहिली. तिच्या खांद्याला पिशवी होती. त्यांचीच जुनी, जाताना त्यांनी तिला दिलेली.

“ये ना आत,” सानप म्हणाले. “अगं साखरबाई, पाणी आण.”

“सर,” तेजल खाली पाहत म्हणाली, “चौकशीची नोटीस आहे. तुमच्या नावाची. कुणीच घेऊन यायला तयार नव्हतं, म्हणून मी घेतली.”

“बरं केलंस.”

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “सर, मी लिहिते ना, घर बंद होतं. पुन्हा यावं लागेल मला, तेवढे आठ-पंधरा दिवस निघतील. सावे वकिलांना तयारीला वेळ मिळेल. चौथी ओळ ‘घर बंद’पर्यंतच लिहिते. कोण विचारतंय?”

साखरबाई तांब्या घेऊन आतल्या दारात आल्या होत्या. त्यांनी ऐकलं. त्या नवऱ्याकडे पाहत उभ्या राहिल्या.

पोरगी मायेने बोलत होती, आणि शब्द सगळे त्यांचेच होते. त्यांनीच घोटून घेतलेले. सानपांना क्षणभर हसू आल्यासारखं झालं आणि मग आलं नाही.

“घर उघडं आहे, तेजल,” ते म्हणाले. “मी आत आहे. तसं लिही.”

ते उठले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि दोन्ही हातांनी नोटीस घेतली. वाचली. मग तिच्या प्रतीवर सही केली, खाली तारीख घातली, घड्याळात पाहून वेळही घातली. पहिली ओळ तेजलने त्यांच्यासमोरच लिहिली. समक्ष भेटून बजावले, सही घेतली.

पाणी पिऊन ती निघाली तेव्हा पिशवीतल्या गठ्ठ्यावर त्यांची नजर गेली. मधल्या एका समन्सवर करंजपाडा लिहिलेलं होतं, नवसी दुमाडा.

“इथे कधी जाणार?”

“रांगेत आहे, सर. दिवाळीनंतर बघते.”

“दिवाळीनंतर तिथं कुणी नसतं,” सानप म्हणाले. “उद्या जा. सकाळी लवकर गेलीस तर ती मागच्या खाचरात भेटेल. हाक मार, आणि येईपर्यंत थांब.”

तेजलने ते समन्स गठ्ठ्यातून काढून सगळ्यात वर वेगळं ठेवलं आणि स्कूटी चालू केली. सानप उंबऱ्यात उभे राहून ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत पाहत राहिले. साखरबाईंनी मागून विचारलं, दार लावू का. ते म्हणाले, राहू दे उघडंच.